डॉक्टर व्हायचं की नर्स? आधी वॉर्डातलं काम बघ

तुझा प्रश्न मला समजला तो असा. बारावी सायन्स, नीट दोनदा दिली. दुसऱ्या वेळी गुण वाढले, पण सरकारी एमबीबीएसला पुरले नाहीत. वडील एसटीत कंडक्टर. बाबा म्हणतात अजून एक वर्ष दे. मामा म्हणतात कर्ज काढू, खासगीत नाहीतर परदेशात एमबीबीएस कर. आईला वाटतं बी.एस्सी. नर्सिंग करून तू लवकर स्वतःच्या पायावर उभी राहावीस. या तिघांचं मत तू सविस्तर लिहिलंस. स्वतःबद्दल मात्र एवढंच विचारलंस की नर्सिंग घेतलं तर हरल्यासारखं होईल का, आणि रक्त बघून चक्कर येते त्याचं काय करायचं.

मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले, पुढे परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) झाले, नंतर नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. नर्सिंग ही एमबीबीएस न मिळालेल्यांसाठी ठेवलेली जागा आहे अशा समजुतीने आलेल्या मुली मी खूप पाहिल्या. त्यातल्या काही पहिल्या वर्षातच रमतात, काही चार वर्षं कुढत राहतात. फरक नीटच्या गुणांचा नसतो. पेशंटजवळ उभं राहून नेमकं काय करायला आवडतं, हे ज्यांना कळलं त्या रमल्या. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: गुणांवरून ठरवू नकोस, रोजच्या कामावरून ठरव. दोन्ही कामं एकाच छताखाली चालतात, पण ती एकाच शिडीच्या वरच्या-खालच्या पायऱ्या नाहीत.

एक उदाहरण देते. पावसाळा संपता संपता आपल्याकडचे मेडिसिनचे वॉर्ड डेंग्यूने भरतात. समज, बावीस वर्षांचा मुलगा आहे, तापाचा पाचवा दिवस. संध्याकाळी ताप उतरला. नातेवाइकांना हायसं वाटलं, उद्या घरी सोडतील का म्हणून विचारायला लागले. संध्याकाळचं बीपी ११०/७०. रात्री दोन वाजता नाइटची सिस्टर राउंडला येते आणि बीपी घेते: १००/८४. वरचा आकडा शंभर आहे, म्हणजे नवख्या माणसाला वाटेल ठीक आहे. पण तिचं लक्ष दोन आकड्यांमधल्या अंतराकडे जातं. ते चाळीसवरून सोळावर आलंय. ती हात हातात घेते, पंजे गार. नाडी जलद आणि बारीक. लघवी कधी झाली विचारते, तर नऊनंतर झालेलीच नाही. पोटात दुखतंय हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही, तिने विचारल्यावर सांगितलं. डेंग्यूत ताप उतरतो तीच वेळ धोक्याची असते, हे तिला माहीत आहे. ती लगेच डॉक्टरांना फोन करते. नुसतं "बीपी शंभर आहे" एवढ्यावर थांबत नाही, हे सगळं एका दमात सांगते.

आता डॉक्टरांचं काम सुरू होतं. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, बाहेर झिरपतोय का? हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, वाढलंय का? रक्तस्राव तर नाही ना? सलाईन कुठलं, वजनाप्रमाणे तासाला किती, किती वेळ? कमी दिलं तर शॉक वाढेल, जास्त दिलं तर फुफ्फुसाभोवती पाणी साठेल आणि श्वास अडकेल. हा निर्णय घ्यायचा, त्याखाली सही करायची आणि चुकला तर त्याची जबाबदारी घ्यायची, हे डॉक्टरचं काम. निर्णय झाला की पुन्हा सिस्टर. ठरलेल्या वेगानेच सलाईन चालवायचं, दर पंधरा मिनिटांनी नाडी-बीपी, लघवी मोजून इनटेक-आउटपुट चार्टवर लिहायची. घाबरलेल्या आईला बाजूला बसवून समजवायचं. पहाटे श्वास वाढलाय असं दिसलं, तर वेग कमी करायचा का म्हणून पुन्हा फोन करायचा. सकाळी पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर देताना यातलं एक अक्षर सुटता कामा नये.

हे वाचताना तुझं डोकं कुठे चालायला लागलं? हिमॅटोक्रिट का वाढतं, सलाईन किती द्यायचं, हे शोधून काढल्याशिवाय चैन पडणार नाही असं वाटलं, की दोन आकड्यांमधलं अंतर आपल्यालाही दिसलं पाहिजे, त्या मुलाच्या उशाशी आपण असायला हवं असं वाटलं? दोन्ही वाटू शकतं. पण एक जास्त वाटेल. ते कागदावर लिहून ठेव, कुणाला दाखवू नकोस.

नर्सिंगचं स्वतःचं असं शास्त्र आहे, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर, माकडहाडाशी, टाचांना जखमा होतात. असा बेडसोअर झाला की तो हाडापर्यंत जाऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. तो होऊ द्यायचा नाही हे जवळजवळ पूर्णपणे नर्सच्या हातात असतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, कातडी ओली राहू द्यायची नाही. माकडहाडावर लाल चट्टा दिसला तर बोटाने दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर इजा सुरू झाली आहे. याच्या जोडीला आहारात प्रथिनं वाढवून घ्यायची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला. त्यानंतर मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या तिथेच अंथरुणावर होत्या. तिथल्या नर्सच्या पिढ्यांमागून पिढ्या निवृत्त झाल्या, पण त्यांची देखभाल थांबली नाही. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या सेवेचा मुद्दाम गौरव केला. इतक्या वर्षांत बेडसोअर होऊ दिला नाही, ही गोष्ट आम्हा नर्सना शब्दांत सांगता येणार नाही इतकी मोठी वाटते. नर्सिंग म्हणजे डॉक्टरने सांगितलेलं करणं, असं कुणी म्हणालं तर हे सांग.

आता वेळेचा हिशोब. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप. अठराव्या वर्षी लागलीस तर साडेतेविसाव्या वर्षी हातात पदवी. सरकारी कॉलेजातून केलंस तर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड. नुसत्या एमबीबीएसवर आज फार थोडे लोक थांबतात. म्हणजे पुढे नीट-पीजी, तिच्या तयारीचं वर्ष, मग तीन वर्षं एमडी किंवा एमएस. त्या तीन वर्षांत सलग चोवीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्या मी रोज बघितल्या आहेत. लेबर रूमच्या बाकावर बसल्या बसल्या झोपलेल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट मुली बघितल्या आहेत. तिशीच्या आसपास तू स्थिरावशील. ही वाट चुकीची आहे असं मुळीच म्हणत नाही. ज्याला ती हवी आहे, त्याच्यासाठी ती सोन्याची आहे. पण त्या सगळ्या काळात घरून किती पैसे लागतील आणि घरी किती पाठवता येतील, हे बाबांसोबत बसून मांड.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. बाविसाव्या वर्षी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करून तू नोकरीला लागू शकतेस. नोंदणी परिचारिका आणि सुईण अशी दोन्ही मिळते. साधी, नैसर्गिक बाळंतपणं करण्याचं शिक्षण तुला तिथेच मिळतं. जीएनएम हा नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. पण बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र असताना आणि पुढे शिकायची इच्छा असताना बी.एस्सी.च घे. त्यासाठी राज्याचा सीईटी सेल वेगळी परीक्षा घेतो, त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर इंग्रजी आणि नर्सिंगची कलचाचणी असते. नीटच्या अभ्यासावर ती जड जाणार नाही, इंग्रजीकडे मात्र लक्ष दे.

नर्सिंग करून लवकर स्वतःच्या पायावर उभं राहता येतं, हे आईचं म्हणणं पगाराच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य सरकारच्या रुग्णालयात अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९००, त्यासाठी नॉरसेट ही देशपातळीवरची परीक्षा असते. तुलनेसाठी, राज्यातल्या एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याचं मूळ वेतन ५६,१०० पासून आहे. पण या कायम जागा झाल्या. जाहिराती उशिरा निघतात, मध्ये कंत्राटी भरती असते. खासगीत तर परिस्थिती फार वाईट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिना वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं द्यावं. तालुक्याच्या ठिकाणी जाऊन विचार, नव्या मुलींना काय मिळतं. याचा मला संताप येतो आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी. मी एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळलेल्या रात्री मोजायच्या सोडून दिल्या आहेत. नर्सिंगकडे येणार असशील तर हे ओझं माहीत असून ये. आणि एक लक्षात ठेव: नोकरीला लागताना मूळ प्रमाणपत्रं कुठल्याही रुग्णालयात जमा करायची नाहीत. झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवायची आणि परत आणायची. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली या एका कारणाने महिनोन् महिने अडकून पडल्या.

दुसरीकडे, पुढच्या वाटा आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं, त्यात बालरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य, प्रसूती असे विषय, पुढे पीएच.डी. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा निवासी अभ्यासक्रम आहे. गावात राहून काम करायचं असेल तर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं, तिथे गावातल्या रक्तदाब-मधुमेहाच्या पेशंटची पहिली तपासणी तूच करतेस. सैन्यदलाची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आहे, तिच्या बी.एस्सी.साठी नीटचेच गुण लागतात. पुण्याच्या एएफएमसीसह (सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय) सैन्याच्या नर्सिंग कॉलेजांत मोफत शिकून लेफ्टनंट म्हणून रुजू होता येतं. तुझ्याकडे नीटचा निकाल हातात आहे, ही बाजू जरूर तपास. परदेशात जायचं तर अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा, इंग्लंडला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आणि तिथल्या परिषदेच्या परीक्षा, जर्मनीला जर्मन भाषा. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. एजंटला लाखभर रुपये आगाऊ देऊन मात्र कुठेही निघू नकोस.

मामांच्या सूचनेबद्दल. खासगी महाविद्यालयात एमबीबीएसचं शुल्क वर्षाला कित्येक लाख आहे आणि अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्याही वर जातं. कंडक्टरच्या पगारावर हे कर्ज काढलं तर ते तुझ्या पीजीच्या वर्षांपर्यंत मानेवर बसेल. परदेशातून केलंस तर इथे प्रॅक्टिससाठी एफएमजीई ही परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची परीक्षा पास व्हावी लागते आणि तिच्या बहुतेक सत्रांत बसलेल्यांपैकी एक तृतीयांशसुद्धा पास होत नाहीत. मला हे दोन्ही मार्ग तुझ्यासाठी पटत नाहीत. मामांच्या मायेबद्दल शंका नाही, पण हप्ते भरायची वेळ येईल तेव्हा तो भार तुमच्या घरावर येईल. एक गोष्ट नीट चौकशी करण्यासारखी आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला. व्यवस्थापन कोट्याला ती नाही. तू कुठल्या प्रवर्गात येतेस ते लिहिलेलं नाहीस. पण खासगी कॉलेजचा आकडा बघून घाबरण्याआधी सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत हे वाच.

तिसऱ्यांदा नीट द्यायची का? त्याला माझ्याकडे एक कसोटी आहे. दोन्ही निकाल समोर ठेव आणि वाढ कुठल्या विषयात झाली ते बघ. बायोलॉजी आधीच चांगलं होतं आणि फिजिक्स होतं तिथेच राहिलं असेल, तर आणखी एक वर्ष त्याच क्लासमध्ये, त्याच पद्धतीने घालवून काही बदलणार नाही. फिजिक्स हलायला लागलं असेल आणि तुझ्या प्रवर्गाचा राज्य कोट्यातला गेल्या वर्षीचा शेवटच्या फेरीचा कटऑफ आवाक्यात असेल, तर जरूर दे. नीटला वरची वयोमर्यादा नाही, किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही. पण तुझ्या उमेदीला बंधन आहे आणि ते फक्त तुलाच दिसतं. दिलीस तर त्याच वर्षी नर्सिंगची सीईटीही दे, म्हणजे निकालाच्या दिवशी हातात दोन पर्याय असतील. नर्सिंगला प्रवेश घेऊन मनात नीट परीक्षेचाच विचार ठेवणं मात्र करू नकोस. दोन्हीकडे अर्धवट राहशील, आणि तुझ्या पहिल्याच वॉर्डातल्या पेशंटला अर्धवट लक्ष देणारी मुलगी नको आहे.

अजून एक गैरसमज दूर करते, कारण काही कॉलेजं प्रवेशाच्या वेळी तो पसरवतात. नर्सिंग करून मागच्या दाराने एमबीबीएसला जाता येत नाही. जायचं असेल तर पुन्हा नीट, पुन्हा पहिलं वर्ष. नर्सिंग करून नंतर डॉक्टर झालेली माणसं आहेत, पण ती सगळी याच दारातून गेली.

घरच्यांची लाज हा विषय तू टाळलास, पण "हरल्यासारखं" या शब्दात तो आलाच. "आपल्या घरातली मुलगी सिस्टर?" हे वाक्य मी माझ्या लग्नाच्या वेळीही ऐकलं होतं. रात्रपाळी, परक्या पुरुषांची सेवा, जात आणि शिवाशिवीच्या जुन्या कल्पना, हे सगळं त्यामागे आहे. करोनात टाळ्या वाजवणाऱ्यांनी नंतर नर्सना सोसायटीत घर नाकारलं, हेही आम्ही पाहिलं. हे बदलतंय, पण तुझ्या प्रवेशापर्यंत बदलून संपणार नाही. तुला त्याचा सामना करावा लागेल. बाबांना एखाद्या मोठ्या रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या इन्चार्ज सिस्टरशी दहा मिनिटं बोलायला लाव. व्हेंटिलेटरचे अलार्म, चार-चार सिरिंज पंप, प्रत्येक औषधाचा वेग, यात ती काय सांभाळते ते त्यांनी तिच्या तोंडून ऐकावं. माझ्या समजावण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, रुग्णालय बघ. स्वतःचं रुग्णालय आहे का, आणि खाटांवर खरंच पेशंट आहेत का? सकाळी दहाला कुणालाही न सांगता जाऊन ओपीडीच्या रांगेत उभी राहा, दहा मिनिटांत कळेल. महिन्याला बाळंतपणं किती होतात ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार. ज्या कॉलेजात मुलींना डिलिव्हरी बघायलाच मिळत नाही, तिथली मुलगी रजिस्टरमध्ये खोट्या केस लिहून पास होते आणि पहिल्या नोकरीत घाबरते. रात्रपाळीला होस्टेलपासून वॉर्डापर्यंत जायची सोय काय आहे, कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का, हे प्राचार्यांना थेट विचार. उत्तर द्यायला त्या कचरल्या तर ते कॉलेज सोड.

आता या आठवड्यात करायची गोष्ट. तुमच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओळखीच्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात परवानगी घेऊन सलग काही दिवस बस. एकदा सकाळची वेळ, एकदा रात्रीची. डॉक्टरांच्या मागे राउंडला जा आणि ते गेल्यावर सिस्टरबरोबर थांब. डॉक्टर एका पेशंटपाशी काही मिनिटं असतात, सिस्टर पूर्ण पाळी असते. बेडपॅन देणं, उलटी पुसणं, दहाव्यांदा तोच प्रश्न विचारणाऱ्या म्हातारीला उत्तर देणं, हेही बघ. हे बघून तुझ्या मनात किळस येते की काळजी, हे तुला माझ्या उत्तराशिवाय कळेल.

आणि चक्कर. रक्त बघून चक्कर येणं हा दोन्हीकडच्या मुलामुलींचा अगदी नेहमीचा अनुभव आहे, पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरमध्ये उभे राहिलेले धडधाकट मुलगेही खाली बसतात. नाडी मंदावते, बीपी क्षणभर उतरतं, म्हणून तसं होतं. बहुतेकांचं ते सवयीने जातं. गुडघे ताठ करून एका जागी खांबासारखी उभी राहू नकोस, पायांची बोटं हलवत राहा. कानात आवाज यायला लागला, घाम फुटला की लाजू नकोस, तिथेच जमिनीवर बस. आणि वॉर्डात जायच्या दिवशी काहीतरी खाऊन जा.